लाडावलेला मका

कृषी विद्यापीठाच्या मॅडमनी शेतात पाय टाकला आणि त्या थबकल्याच. काकूंच्या शेताचे दोन भाग. डावीकडे नेहमीसारखा दाट मका, उजवीकडे मॅडमच्या पद्धतीने, निम्मंच बियाणं लांब लांब टोकलेलं. उजवीकडचा मका नुसता माजला होता. एवढा, की मॅडमना शंका आली.

वाकून बघितलं, तर खोडाशी खताचे पांढरे दाणे. डावीकडे एकही नाही.

"काकू, हे काय?"

"तुमचाच भाग ना तो! म्हटलं, मॅडमची मान खाली जायला नको. अधूनमधून मूठभर घालत होते. काल जरा जास्त, माणसं येणार म्हणून."

म्हणजे तुलनाच बोंबलली! आणि बांधावर गावातले शेतकरी येऊन उभेसुद्धा राहिलेले. आज पटलं नाही, तर निम्म्या बियाण्याचं नाव पुन्हा कोणी काढणार नव्हतं. त्यात सगळ्यात पुढे मिशीवाला. विद्यापीठाचं काही दिसलं की ह्याला चेव येतो.

गप्प बसावं का? छे! हेच बघून ह्यांनी पेरलं आणि फसले, तर?

"ऐका, ह्या भागाला खत जास्त पडलंय," मॅडमनी ठणकावून सांगितलं. "हा बघून काही ठरवू नका."

"झालं! वाजला ह्यांच्या शास्त्राचा बोऱ्या!" मिशीवाला खिदळला. काकूंचा चेहरा एवढासा झाला.

मॅडम मात्र काकूंकडेच वळल्या. "खत अगदी टोकापर्यंत टाकलंत?"

"कुठलं! त्या उताराला माझे गुडघे ऐकतायत होय?"

"जियो काकू! चला सगळे उताराला!"

तिथे दोन्ही भागांत मॅडमनी एकाच दोरीने सारखे चौकोन आखले. "कणसं तुम्हीच तोडा, वजनही तुम्हीच करा," त्यांनी मिशीवाल्याला फर्मावलं. कागदावर हे गणित त्यांनी किती वेळा तपासलं होतं.

मिशीवाल्याने काटा दोनदा झटकला, तिसऱ्यांदा डोळे बारीक करून बघितलं.

"उजवीकडचं जास्त भरतंय. पण ओंजळभरच हं!"

"निम्म्या बियाण्यात, दादा!"

बांधावर कुजबुज सुरू झाली. मिशीवाल्याने मिशी चोळली. "पुढच्या हंगामात माझ्या शेतात करून दाखवा. मग मानू."

"करू की! फक्त काकूंना तिकडे फिरकू देऊ नका."

सगळ्यात मोठ्याने काकूच हसल्या.