जाणारीची ओटी

अनसूयाला राग आला की तिचे हात दुप्पट वेगाने चालत. त्या दिवशी भाऊबीज होती, घरात करंज्यांचा डबा भरून ठेवलेला होता, तरी ती सकाळपासून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओले बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. वारा कितीही सुटला तरी जोडी सुटत नाही. बांबूचे खांब वाळूत रोवून त्यांना अशा दोऱ्यांच्या ओळी बांधल्या की झाली वलांडी. ही वलांडी अनसूयाच्या आईची. आईला ती सासूकडून मिळाली होती आणि आईने ती लेकीला दिली, कारण एकनाथशी लग्न झाल्यावरही अनसूया याच किनाऱ्यावर राहिली. एकनाथची होडी इथेच लागायची, मग बायकोने दुसरीकडे जायचे कशाला?

आई होती तोवर सणासुदीला लेकीला लुगडे घ्यायची, गोडधोड करायची, पण तिची ओटी मात्र कधी भरली नाही. शेजारणींनी विचारले की म्हातारी फणकारायची, "ओटी जानारीची भरतात. ही माजी कुटं जाते?"

हे सगळे अनसूयाचा धाकटा भाऊ हरेश्वर ऐकत मोठा झाला होता. पुढे तो सुके बोंबील घेऊन मुंबईच्या बाजारात जाऊ लागला आणि तिथे त्याला एक नवीच गोष्ट कळली. मासळीसारखी हवाही विकता येते! मुंबईची मंडळी दिवाळीत आणि मे महिन्यात हवा खायला बाहेर पडतात आणि त्यासाठी भाडे मोजतात. गावात परतल्यावर त्याने स्वतःचे घर सडकेला नेले आणि वडिलांच्या जागेत, वलांडीला लागूनच, एक टुमदार बंगली उठवली. दोन मोसम ती रिकामी राहिली नाही. आता त्याला वलांडीच्या आणि आजूबाजूच्या घरांच्या जागेवर तशाच आणखी बंगल्या ओळीने बांधायच्या होत्या. तिथे राहणाऱ्या अनसूयासकट आठ कुटुंबांसाठी त्याने गावामागे, खाजणाच्या कडेला, कौलारू चाळ बांधून तयार ठेवली होती. बाकीची घरे 'बघू, बघू' म्हणत होती. सगळ्यांचे डोळे अनसूयाकडे लागले होते. सख्खी बहीण हलली की बाकीच्यांनी कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?

आणि चाळीत वलांडी कुठे रोवायची? खाजणातल्या झाडीआड वारा नाही, ऊन पोचत नाही, पायाखाली खारा चिखल. तिथे बोंबील वाळायचे नाहीत, कुजायचे. बोंबील कुजले की अनसूयाचे घर बसले. हे न कळायला हरेश्वर काही परगावचा नव्हता. म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्यातच सकाळी बंगलीतल्या शेठाणीने नाकाला रुमाल लावून वरून हाक मारली होती, "ओ बाई, आम्ही हवा खायला आलोय, वास खायला नाय!"

"मग तोंड मिटून घ्या," अनसूया म्हणाली होती, "हवा नाकानं खातात!"

दुपारी हरेश्वर आला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मागे त्याची बायको सुमन, हातात फडक्याने झाकलेले सूप. सुमन पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, कमी बोलणारी. बंगलीतल्या पाहुण्यांचा तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक तिच्याच हातचा.

"बाय, पाणी दे ग प्यायला," हरेश्वर पाटावर बसत म्हणाला.

"पाणी?" अनसूयाने तांब्या आपटला. "मुंबईला जाऊन 'पानी'चं 'पाणी' झालं का तुजं?"

"सणाच्या दिवशी तरी भांडू नकोस."

"नाय भांडत. बस गप."

तिने त्याला कुंकू लावले, डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळले. निरांजनाच्या उजेडात तो क्षणभर लहानपणचा दिसला, आणि तिला वाटले, भाऊच आहे, बोलून बघू. तेवढ्यात त्याने खिशात हात घालून ताटात काहीतरी टाकले. खण्ण!

किल्ली होती.

"कोपऱ्यावरची खोली, बाय. सगळ्यांत चांगली. पुढं ऐसपैस ओटी काढलीय. तुझ्याकडून भाडं घ्यायचं नाही, असं ठरवलंय मी."

"आनि बाकीच्यांकडून?"

"तो व्यवहार झाला."

"बोंबील कुटं वाळवू? तुज्या त्या ओटीवर?"

"किती दिवस बोंबील वाळवशील? बंगल्या झाल्या की पाहुण्यांची भांडी, धुणी, झाडलोट, सगळं आपल्याच माणसांना देईन. बसून खाल सगळे."

"म्हंजे माज्या आईच्या जागेवर परकी मानसं हवा खानार, आनि मी त्यांची उष्टी काढनार. बसून कोन खानार रे यात?"

हरेश्वरचे कान लाल झाले. "जागा बापाच्या नावावरून माझ्या नावावर आलीय. मी मोठ्या मनानं देतोय, तर तू नाकं मुरडतेस! परवा गवंडी येणार आहे. सुमन, बघत काय बसलीस? बाय नव्या घरात जाणार, तिची ओटी भर!"

सुमनने सूप पुढे ओढले. तांदूळ, नारळ, हिरवा खण. तिने अनसूयाला हळदकुंकू लावले आणि ओंजळ उचलली. शेजारीपाजारी हळदीकुंकवाला जाऊन जडलेल्या सवयीने अनसूयाचा पदर आपोआप पुढे झाला. तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला, आणि त्या वजनाने पदर खाली ओढला गेला तेव्हा तिच्या ध्यानात आले.

चाळीस वर्षांत या घरात तिची ओटी कुणी भरली नव्हती.

इतका वेळ राग तिच्या जिभेवर होता. आता तो हातांत उतरला. तिने एका हाताने पदर सावरला आणि दुसऱ्याने आणखी एक पाट मांडला. हरेश्वरला वाटले, बहीण वळली. तो हसलासुद्धा.

"सुमन," अनसूया शांतपणे म्हणाली, "पाटावर बस."

"मी, वन्सं?"

"तूच. बस."

सुमन बसली. अनसूयाने तिला हळदकुंकू लावले. आपल्या पदरातला नारळ, खण, मग तांदळाचा दाणा न् दाणा ओंजळीने तिच्याकडे केला. समोर ओटी आल्यावर कोणती बाई पदर मागे घेते? सुमनचाही पदर पुढे झाला होता.

"हे काय चाललंय?" हरेश्वर उठलाच. "दिलेली ओटी कुणी परत करतं का?"

"परत नाय करत. भरते." अनसूया म्हणाली. "आई काय बोलायची, आठवतं का? का ते पन मुंबईला विकलंस? ओटी जानारीची भरतात. मी कुटं जात नाय. गेलास तू! सडकेला घर बांधलंस, नाकाला रुमाल लावनारी मानसं आनलीस, वाऱ्याला पन भाडं लावलंस. मग नीट जा की! सुमन, सुखानं जा. पोरी, तुज्यावर माजा राग नाय."

हरेश्वरला ते वाक्य आठवत होते. तेवढ्यात बंगलीच्या गच्चीवरून हाक आली, "हरेश्वरभाय! जेवण किती वाजता?"

"चल," तो बायकोवर खेकसला. "पुऱ्या तळायच्यात."

सुमनने पदराची गाठ पक्की मारली. "मी नाय येत बंगलीवर."

"म्हणजे?"

"नणंदेनं ओटी भरून धाडलंय मला या किनाऱ्यावरनं. ओटी घेऊन मागं फिरत नाय कोन. मी सडकेच्या घरी चालले." दारापर्यंत जाऊन ती थांबली. "आनि माज्या आईची पन वलांडी होती पाचूबंदरला. पुऱ्या तुमीच तळा."

ती खरेच गेली. हरेश्वर एकदा तिच्या पाठीकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला. वर पुन्हा हाक झाली.

"जा," अनसूया म्हणाली. "पावने उपाशी राहिले. आनि ही किल्ली नेतोस, का कावळे हाकलायला टांगू?"

त्याने किल्ली नेली नाही. तरातरा वाळू उडवत तो बंगलीकडे गेला, आणि थोड्या वेळाने तिथून करपल्या तेलाचा वास वलांडीपर्यंत आला. शेठाणीने त्यालाही नावे ठेवली.

सुमन पुन्हा बंगलीवर आली नाही. आचारी ठेवला, तो टिकला नाही. परवा यायचा गवंडी पुढच्या महिन्यात आला. त्याने पायाची दोरी धरली ती वलांडी आणि घरे सोडून, पलीकडून. बंगल्या कमी झाल्या. आठ घरे जागची हलली नाहीत, आणि चाळीत पुढे विरारच्या रेल्वेतली माणसे भाड्याने राहिली.

दुसऱ्या भाऊबीजेला हरेश्वर आला, पाटावर बसला. अनसूयाने ओवाळले.

"बाय, पानी दे," तो म्हणाला.

तिने दिले. राग अजून होताच. बाहेर वलांडीच्या खांबाला ती किल्ली वाऱ्याने खणखणत होती, आणि कावळे लांबूनच ओरडत होते.