सावलीतली दहा मिनिटं

मी एक जुनी ताप मोजायची बंदूक आहे. जुनी म्हणजे चार-पाच वर्षांचीच; पण मित्रांनो, ज्या कामासाठी जन्म झाला ते काम संपलं की वय एकदम वाढतं. माझ्यातून गोळी सुटत नाही. खटका दाबला की आकडा येतो. मला विचाराल तर गोळी बरी. ती चुकली की निदान कळतं.

माझ्या खोक्यात एक जाड घडीचा कागद होता. शाळेत खोकं उघडलं, तेव्हा शिपाईकाकांनी तो न वाचताच फाटकाजवळच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल सुधारलं.

साथीमुळे दीड वर्ष बंद असलेली शाळा उघडायची की नाही, यावर शिक्षकांची बैठक झाली.

"एखादं लेकरू आजारी पडलं तर?"

"आणि ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी काय भिंतीकडे बघून शिकायचं?"

शेवटी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "फाटकावर ही ठरवील. शंभराच्या वर गेला तो घरी. तीनदा गेला तर चौदा दिवस घरी."

मला कुणी विचारलंच नाही. माझ्या पोटातल्या दोन्ही सेलांना कापरं भरलं.

काकांनी सराव म्हणून आपला चहा मोजला. चहाला सणसणून ताप होता. त्याला मात्र घरी पाठवलं नाही, पिऊन टाकला.

शाळा दुपारची. चौथीतली एक मुलगी पाऊण तास उन्हातून एकटी चालत यायची. काका तिला मुंगी म्हणत. घरात फोन एकच, तो बाबांबरोबर कामावर जायचा. आजोबांची फुप्फुसं नाजूक. दीड वर्षात ती भागाकार साफ विसरली होती. पहिल्या दिवशी मला तिच्या कपाळासमोर धरलं. लाल दिवा. दुसऱ्या दिवशीही लाल. दोन्ही दिवस मुंगी आल्या पावली परत गेली.

मोठ्या बाई गार हवेच्या गाडीतून उतरायच्या. रोज शहाण्णव. "बघा, शिस्त असली की असं असतं," त्या म्हणायच्या.

मी मात्र घाबरून असायची. खोटा लाल दाखवला तर मुंगीची शाळा जाणार. दुसऱ्या कुणाला खोटा हिरवा दाखवला तर कदाचित तिचे आजोबा.

तिसऱ्या दिवशी मुंगी फाटकापासून दहा पावलांवरच थांबली.

"काका, आज मोजू नका ना."

"मग आत कसं सोडू, बाळा?"

"पण मला खरंच ताप असला, तर घरी आजोबा आहेत. मग मी जाऊ कुठे?"

काका मटकन टेबलाला टेकले, टेबल सरकलं आणि कागद निसटला. काकांनी तो उचलून वाचला. लिहिलं होतं : 'उन्हातून किंवा गार जागेतून आलेल्या माणसाला दहा मिनिटं सावलीत बसवा. मगच मोजा.'

मोठ्या बाई नुकत्याच गाडीतून उतरल्या होत्या. त्यांनीही तो वाचला. "दोन दिवस हा कुठे होता?"

"टेबलाखाली. कामावर होता."

"मग नियम सगळ्यांना. मीही बसते."

झाडाखालच्या बाकाच्या एका टोकाला बाई, दुसऱ्याला मुंगी. दहा मिनिटं झाली. मुंगी : अठ्ठ्याण्णव. हिरवा! ती धावत वर्गात गेली आणि दप्तर न्यायला परत आली.

मग बाई. एकशे एक.

"पुन्हा मोजा."

एकशे एक आणि वर थोडा.

"बाई, मोजू तसा वाढतोय," काका म्हणाले.

बाई फाटकाबाहेर गेल्या. तिथून एवढंच म्हणाल्या, "वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवा."

पाच आठवड्यांनी त्या परतल्या, निम्म्या होऊन. कुणी सांगायच्या आत सावलीत बसल्या. मुंगीने लांबूनच भागाकाराची वही बाकावर ठेवली. बाईंनी दोन चुका काढल्या. म्हणजे बऱ्या झाल्या होत्या.

आता मी खडूंच्या खोक्याशेजारी कपाटात असते. एकशे एक दिसले, त्याच्या आदल्या दिवशीही बाईंना ताप होता का? गार कपाळाने मला फसवलं का? त्या दिवशी त्या किती वर्गांत फिरल्या? काका म्हणतात, कुणाला काही झालं नाही. पण काका कुणालाही बरं वाटेल असंच बोलतात.

मित्रांनो, माझे सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरतील. आणि मला पुन्हा बाहेर काढायची वेळ आलीच, तर आकडा बघण्याआधी माणूस कुठून आलाय ते विचारा. सगळं त्या कागदावर आहे.

कागद कुठे आहे, ते मला कपाटातून दिसत नाही. टेबल मात्र, काका म्हणतात, हल्ली अजिबात डुगडुगत नाही.