सातव्या-आठव्याच्या मधली तार

"पुन्हा तेच," असं म्हणून दीपकने मोबाईल टेबलावर पालथा घातला.

पालथा घातल्याने आकडे थोडेच बदलतात. त्याच्या बायकोने, सुचित्राने, तो उलटून पाहिला.

सातवा सेल: तीन पॉइंट नऊ व्होल्ट.
आठवा: तीन पॉइंट चार.
बाकीचे सगळे: तीन पॉइंट पासष्ट. गुण्यागोविंदाने.

शकूच्या तीनचाकी स्कूटरची बॅटरी दोघांच्या मध्ये उघडी पडली होती. प्रत्येक दोन सेलच्या सांध्यातून एक बारीक तार निघून एका छोट्या सर्किटकडे जाते. सर्किट सगळ्यांवर नजर ठेवतं, आकडे मोबाईलवर दाखवतं आणि एखादा सेल बहकलेला दिसला की गाडीच बंद करतं. तशी ती आज सकाळी लालबागच्या पुलावर बंद पडली. पायांनी अधू शकू गजऱ्यांच्या टोपलीसकट भर रस्त्यात अडकली. मग कोणीतरी ढकलत तिला डिलाईल रोडच्या या बॅटरी-दुरुस्तीच्या गाळ्यापर्यंत आणलं.

नाही, आधीचं सांगायला हवं. गेल्या हिवाळ्यात दीपकला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात परत आला, पण थरथर घेऊन. त्यानंतर त्याने एकट्याने, सुचित्राला लांब बसवून सोल्डर केलेली पहिली बॅटरी ती हीच.

"हात गेला माझा, सुची. यात माझ्या सोल्डरचा दोष निघाला ना, तर बस. परत गनला हात नाही लावणार."

"आधी बघू तर द्या."

तिने मीटरच्या सुया थेट सेलवर टेकवल्या.

सातवा: तीन पॉइंट पासष्ट.
आठवा: तेवढाच.

म्हणजे सेल ठणठणीत. खोटं बोलत होती ती दोघांच्या मधली तार. ती दोघांची सामाईक. ती बिघडली की एकाचं कमी दिसतं आणि तेवढंच दुसऱ्याच्या नावावर चढतं. तिने तारांचा प्लग उपसला. आत लाल चिखल वाळला होता.

"शकू, हे काय गं?"

दारातल्या स्टुलावर बसलेल्या शकूने मान लांब केली. "कुंकू. दसऱ्याचं."

"बॅटरीच्या आत?"

"मग? गाडीला हार-फुलं, आणि जी ओढते तिला काय नाय? झाकण उघडून नीट पाण्यात कालवून लावलं, ताई. वर झेंडू पण होता."

दीपक हसायला लागला. थांबेचना. हसता हसता डोळे पुसले आणि चहा मी आणतो म्हणाला. सुचित्रा उठत होती, तिला हाताने खाली बसवून गेला. कित्येक महिन्यांत तो असा ताठ चालला नव्हता.

तिने ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून प्लग साफ केला. परत जोडला.

सातवा: तीन पॉइंट सात.
आठवा: तीन पॉइंट सहा.

जवळपास. जवळपास म्हणजे नाही. काडीने तिने ती तार जराशी ढोसली आणि आकडे उड्या मारू लागले.

भिंग लावलं. सांध्यावर राखेच्या रंगाचा, खरबरीत ठिपका; सोल्डर कच्चं. दीपकचे सांधे आरशासारखे असायचे.

ती दाराकडे पाहत राहिली. मग गन तापवली. टेकवली. धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि ठिपका चमकला. शकूने हे सगळं पाहिलं आणि एकदम टोपलीतले गजरे सारखे करायला घेतले.

दीपक आला. तीन कटिंग, त्यातली अर्धी बशीत. मोबाईल पाहिला. सगळे सारखे.

"कुंकूच होतं तर."

"कुंकूच होतं," सुचित्रा म्हणाली.

त्याने नाक जरा वर केलं. सोल्डरचा वास गाळ्यातून इतक्यात जात नाही. मग भिंग उचललं आणि वाकला. सोल्डर करून गन उचलताना सुचित्रा नेहमी एक बारीकसं टोक सोडते. लग्नानंतर त्यानेच शिकवलं होतं, पण ते टोक काही गेलं नव्हतं. त्यावरून तो तिला चिडवायचा. आज ते त्या सांध्यावर दिसलं, तसं त्याने भिंग खाली ठेवलं.

"शकू, पुढच्या दसऱ्याला कुंकू झाकणावर लाव. बाहेरून," एवढंच म्हणाला.

शकू गेली. जाताना टेबलावर एक गजरा ठेवून गेली.

फळीवर दुसरी बॅटरी वाट पाहत होती. ती दीपकने खाली घेतली. गन अजून गरम होती. तिची मूठ त्याने सुचित्राच्या बाजूला फिरवून ठेवली आणि मीटर आपल्याकडे ओढला.

"तू सोल्डर कर. आकडे मी सांगतो."

सुई सेलवर टेकवताना त्याचा हात थरथरला. आकडा स्थिर होईपर्यंत सुचित्राने मान वर केली नाही.