साखळीचं हे टोक

"तुमच्या ठमीने आधी दात दाखवले!" बाईंचा आवाज एवढा चढला की पावाच्या दुकानासमोरची अख्खी रांग मागे वळली. "मी या डोळ्यांनी बघितलंय. आमचा बिचारा नाकासमोर बघून चालला होता."

'आमचा बिचारा' म्हणजे बाईंचा कुत्रा, पाहुणा. अंगाने वासराएवढा, रंगाने मातकट. या क्षणी तो मागच्या दोन पायांवर उभा राहून साखळीला हिसके देत होता. समोर फुटपाथच्या कडेला घड्याळजी बसले होते. एका काखेत त्यांची म्हातारी, मुठीएवढी कुत्री ठमी थरथरत होती. उजव्या अंगठ्याला गुंडाळलेला रुमाल बघता बघता लाल झाला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "आधी त्याला लांब घ्या."

बाईंनी पाहुण्याला ओढत घरी नेलं. घड्याळजींना कुणीतरी दवाखान्यात पोचवलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, हा जगाचा नियम आहे, आणि कुत्री पाळणाऱ्यांनी तो जरा जास्तच मनावर घेतला आहे. पण बाईंना खरोखरच वाटत होतं की आपण पाहिलं ते तसंच होतं. दोन कुत्री भांडली, सोडवायला म्हणून घड्याळजींनी मध्ये हात घातला, त्यात आपला काय दोष?

पाहुणा मुळात नवऱ्याचा. गावाला निघालेल्या एका मित्राने दोन दिवस सांभाळायला म्हणून दिला, मित्र तिकडेच रमला, आणि पाहुणा घरचा झाला. नवरा त्याला रोज फिरवायचा, तेव्हा रस्त्यातली पोरं त्याच्या गळ्यात पडायची. मग गेल्या हिवाळ्यात नवऱ्याला झटका आला, डावा पाय लुळा पडला, आणि साखळी बाईंच्या हातात आली. तेव्हापासून पाहुणा समोरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकायला लागला. बाईंनी त्याचा अर्थ असा लावला, की आजकाल लोक कुत्र्यांना वळणच लावत नाहीत.

बाई नोकरीला होत्या एका मोठ्या दुकानात, बाहेर पडायच्या दारावर. गिऱ्हाइकाची पिशवी बघायची, पावती बघायची, सोडायचं. आत काम करणाऱ्या पोरी त्यांना मागून 'जकातनाका' म्हणत. एकदा पोटुशी म्हणून जपून पावलं टाकत निघालेल्या बाईच्या पोटातून त्यांनी नवीकोरी इस्त्री बाहेर काढली होती. नव्या मुलींना त्या शिकवायच्या, "चेहरा बघू नका, हात बघा. आणि आधी अडवा, मग विचारा." इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊनही दारावरच उभा असतो.

त्या दिवशी घरात शिरल्या शिरल्या त्यांनी गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "काय दिसलं तुम्हाला इथून?"

"कुठे काय? चहा निवलाय, तेवढा गरम करून दे."

बाई चहा गरम करायला गेल्या, पण त्यांच्या मनात किडा शिरला. दिवसभर रस्ता बघण्याशिवाय ज्याला उद्योग नाही, त्याला नेमकं हेच दिसू नये?

संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "तक्रारी आल्यात, ताई. रविवारी मीटिंग घेतोय. तुमच्या कुत्र्याने विनाकारण हल्ला केला असं ठरलं, तर त्याला इथे ठेवता येणार नाही. दोघांचं भांडण असेल तर गोष्ट वेगळी."

नवऱ्याचा हात खाली पाहुण्याच्या मानेवर गेला आणि तिथेच राहिला.

"घड्याळजी काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"ते म्हणतात, गडबडीत काही दिसलं नाही."

सेक्रेटरी गेले आणि बाईंची झोप उडाली. ज्याचा अंगठा फुटला तो तक्रार करत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय. हा माणूस गप्प का? रविवारी सगळ्यांसमोर काहीतरी बाहेर काढणार असेल. की नवऱ्याशी आधीच काही बोलणं झालंय? दोघं जुने दोस्त, पूर्वी तासन्‌तास घड्याळजींच्या दुकानात बसायचे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी दुधाचं निमित्त काढून खांबाआड उभ्या राहिल्या. घड्याळजी डाव्या हाताने ठमीला घेऊन निघाले. समोरून टेम्पोवाल्याचा काळा कुत्रा आला. ठमीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कडेच्या गवतात नाक घातलं आणि पुढे गेली. 'नाटकं,' बाई मनात म्हणाल्या. मग त्यांनाच हसू आलं, कारण कुत्री नाटक कशाला करेल? पण ते हसू त्यांनी लगेच आवरलं.

त्या तणतणत घरी आल्या, तर नवरा काठी घेऊन दारात उभा.

"मला खाली घेऊन चल. फाटकापर्यंत."

"पडाल कुठेतरी."

"पडेन. चल."

एकेक पायरी उतरत ते फाटकाशी आले. नवऱ्याने काठी भिंतीला टेकवली, पाठही टेकवली, आणि साखळी स्वतःच्या हातात घेतली. थोड्या वेळाने तोच काळा कुत्रा परत आला. नवऱ्याच्या हातात साखळी सैल लोंबत होती. पाहुण्याने काळ्याकडे पाहिलं, शेपूट एकदा हलवली आणि तो नवऱ्याच्या बुटाशी बसून अंग खाजवायला लागला.

"आता तू धर," नवरा म्हणाला.

बाईंनी धरली. रस्ता रिकामा होता. मग पार टोकाला, पावाच्या दुकानाच्याही पलीकडे, एक बाई छोटं कुत्रं घेऊन वळली. दुसऱ्याच क्षणी पाहुण्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले आणि गळ्यातून गुरगुर सुरू झाली.

"हात बघ," नवरा म्हणाला.

"कुणाचा?"

"तुझा."

साखळीचा आणखी एक वेढा बाईंच्या मनगटावर बसला होता. कधी घेतला, त्यांना कळलंही नव्हतं. बोटं पांढरी पडली होती.

"त्याने कुत्रं बघितलंच नव्हतं अजून," नवरा म्हणाला. "तू बघितलंस. तू आवळलीस की त्याला वाटतं, आलं काहीतरी अंगावर. परवाही तेच झालं. ठमी नुसती उभी होती गं."

"म्हणजे मीच चावले म्हणा ना!"

"मी असं म्हटलं नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

नवऱ्याने पाहुण्याच्या कानामागे खाजवलं. "सांगितलं असतं तर हा गेला असता," तो म्हणाला. "मला भीती वाटली."

बाईंना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. घड्याळजींशी याचं काही संगनमत असेल म्हणून त्या याच्यावरही नजर ठेवून होत्या, आणि हा बापडा घाबरून गप्प बसला होता.

नवऱ्याला आणि पाहुण्याला वर पोचवून त्या तशाच घड्याळजींच्या दुकानात गेल्या. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकले होते. डाव्या हातातल्या चिमट्यातून एक स्क्रू निसटून खाली पडला. त्यांनी तो शोधला नाही. टेबलाखाली ठमी बशीतला दुधात भिजवलेला पाव चाटत होती. तिने जांभई दिली. आत नुसत्या गुलाबी हिरड्या होत्या, एकही दात नव्हता.

बाई टेबलापाशी खाली वाकल्या.

"दोन वर्षं झाली तिचे दात जाऊन," घड्याळजी म्हणाले. "बसा, वहिनी."

"तुम्ही सेक्रेटरींना हे का नाही सांगितलंत? एका वाक्यात मी खोटी पडले असते."

"पडला असतात. आणि पाहुणा गेला असता. वर गॅलरीत बसलेल्या माणसाजवळ दुसरं आहे काय?" त्यांनी भिंग काढून ठेवलं. "पण मी काही संत नाही. रांगेसमोर तुम्ही ओरडलात, तेव्हा फार राग आला मला. अजूनही आहे."

"अंगठा कसा आहे?"

"जखम भरतेय. पण टोकाला काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, शीर दुखावली आहे, बघू. स्क्रू धरलाय की नाही, ते मला आता डोळ्यांनी बघावं लागतं. उद्यापासून नुसते सेल बदलणार आणि पट्टे बसवणार."

बाईंना कोरडी माफी मागायची लाज वाटली. एवढ्या मोठ्या नुकसानीपुढे तो शब्द कुठे ठेवायचा, हे त्यांना सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "ठमीने काही केलं नव्हतं. साखळी मी आवळली. मी खोटं बोलले. रविवारी सांगते सगळ्यांना."

"कुत्रा जाईल, वहिनी."

"जाऊ दे. नाही, जाऊ दे कशी म्हणू..." आणि मग मात्र बाईंना रडू आलं.

रविवारी त्यांनी सांगितलं. उभं राहून, सरळ, आपल्या नोकरीतल्या आवाजात. कुत्र्याची चूक, त्याहून आधी माझी चूक, ठमी निर्दोष. कुणीतरी मागून "आत्ता कसं!" म्हणालं, ते त्यांनी ऐकून घेतलं. दवाखान्याचा सगळा खर्च आमचा, आणि यापुढे पाहुणा तोंडाला मुसकं बांधल्याशिवाय फाटकाबाहेर पडणार नाही, हेही त्याच म्हणाल्या. बरीच वादावादी झाली. एका मताच्या फरकाने पाहुणा राहिला. ते मत कुणाचं, याचा तपास बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच केला नाही.

मुसकं बांधलं त्या सकाळी पाहुण्याने ते पंजाने काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. मग त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं.

बाई त्याला घेऊन निघाल्या. पावाच्या दुकानाशी एक अनोळखी तरुण बाई समोर आली, सोबत लहान पांढरं कुत्रं. मुसकं बघून ती थबकली, आणि मग कीव आल्यासारखी हसली.

"अय्या, बांधलंय कशाला बिचाऱ्याला? गरीब दिसतोय की!"

रांगेतली माणसं बघत होती.

"चावतो," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझ्या हातात असताना एका माणसाचा अंगठा निकामी केलाय. तुम्ही आधी जा."

आणि फुटपाथवरून उतरून, पाहुण्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घेऊन, ती तरुणी आणि तिचं कुत्रं पुढे जाईपर्यंत बाई गटाराच्या कडेला उभ्या राहिल्या.