पाठीवरचं नाव

धावायचं ठरवलं तेव्हा मला लालबागेतल्या तळ्याला एक फेरीसुद्धा पुरी करता येत नव्हती. अर्ध्यावर कुशीत कळ यायची आणि मी बाकावर बसायचे. माझी धाकटी बहीण वसुमती एकदा बघायला म्हणून आली आणि म्हणाली, "अक्का, बस सुटलेली बाई धावते ना, तशी धावतेस तू. पिशवी तेवढी नाही हातात."

आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी काम करायचे त्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणीतरी एक पत्रक लावलं होतं. जानेवारीतल्या एका रविवारी दहा किलोमीटरची दौड, प्रत्येकाने ओळखीच्यांकडून देणग्या जमवायच्या, पैसे कॅन्सरच्या संशोधनासाठी. वर्षभर मी दुःखावरची पुस्तकं वाचत होते. ती चांगली होती, पण वाचून झाल्यावर मी पुन्हा त्याच खुर्चीत बसलेली असे. मी नाव दिलं. चिकपेटेतून कॅनव्हासचे बूट आणले आणि सकाळी अण्णांबरोबर गवीपुरमच्या घरातून निघू लागले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त झाल्यापासून लालबागेत चालायला जात. फाटकाशी त्यांचे मित्र रघुजीकाका भेटत. मग ते दोघे चालत आणि मी पुढे धावत जाई. मी कशासाठी धावते ते अण्णांना ठाऊक होतं. रघुजीकाकांना त्यांनी सांगितलं होतं, "तब्येतीसाठी."

आमच्या घरात त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. आईला होतं ते 'पोटाचं दुखणं'. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना अण्णांनी अल्सर सांगितला होता; आईलाही तेच. हॉस्पिटलच्या दारावर त्या रोगाच्या नावासकट तीन लिप्यांत पाटी होती, म्हणून ते ऑटो मागच्या गल्लीत थांबवायला लावत. परतताना मात्र ऑटो पुढच्या दारावरूनच जाई, आणि तेवढ्यापुरती आई दुसऱ्या बाजूला बघत बसे. तिला तिन्ही लिप्या येत होत्या. तिने कधीच काही विचारलं नाही. त्या ऑटोत कोण कुणाला जपत होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

देणग्या मी कॉलेजात मागितल्या. या कन्नड शहरातल्या आमच्या मराठी मंडळींकडे गेले नाही, कारण कशासाठी ते सांगावं लागलं असतं. शिवाय वसूचं लग्न ठरत होतं, रघुजीकाकांच्या पुतण्याशी, श्रीहरीशी. "आईला तसलं काही होतं म्हटल्यावर मुलगी कोण करून घेईल?" अण्णा म्हणाले होते. भीती खोटी नव्हती. अशी मोडलेली स्थळं मलाही माहीत होती.

दौडीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला पांढऱ्या कापडाचा एक चौकोन मिळाला. ज्याच्या आठवणीसाठी धावायचं त्याचं नाव त्यावर लिहून पाठीला लावायचं. संध्याकाळी मी तो टेबलावर पसरला.

"तिचं नाव नको," अण्णा म्हणाले. "दौड बागेवरून जाणार. रघुजी तिथे असणार."

"मग कोरा लावू?"

"लावूच नकोस."

वसू ताटं मांडत होती. "माझ्यासाठी लपवत असाल तर नका लपवू. लग्न मला श्रीहरीशी करायचंय, त्याच्या काकांशी नाही."

"तू गप्प बस."

तिने ताटं जोरात आपटली. अण्णांनी कापडाची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, "श्यामला लिही."

श्यामला हे आईचं माहेरचं नाव. लग्नात अण्णांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'अनुसूया' लिहिलं, तेव्हापासून तिला श्यामला म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तिचे भाऊही अक्काच म्हणत.

"म्हणजे कुणाला कळायचं नाही," अण्णा म्हणाले.

मला राग यायला हवा होता. पण ते नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी ते ठळक कन्नड अक्षरांत लिहिलं.

दौड कब्बन पार्कपासून निघाली. लालबागेच्या फाटकाशी पाण्याचं टेबल होतं. तिथे पोचेपर्यंत माझ्या कुशीत कळ आली होती. अण्णा आणि रघुजीकाका कडेला उभे होते.

"अगं, तू?" रघुजीकाका म्हणाले. "एवढी माणसं बघून मला वाटलं मोर्चाच निघालाय." मी पाणी घ्यायला वळले तशी त्यांनी माझी पाठ वाचली. "श्यामला? ही कोण बाबा?"

मी अण्णांकडे पाहिलं. मैत्रीण म्हणून सांगता आलं असतं. माझ्या ओठावर आलंही होतं.

हे दोघे मित्र आपसात नेहमी मराठीच बोलतात. कन्नड दुकानात, ऑटोत, कचेरीत. अण्णा रस्त्याकडे बघत कन्नडात म्हणाले, "नन्न हेंडती." माझी बायको. आणि जरा थांबून, "कॅन्सर आगित्तु." कॅन्सर झाला होता.

घरच्या भाषेत ते त्यांना जमलं नसतं, असं मला वाटतं.

रघुजीकाकांना समजायला थोडा वेळ लागला. "अनुसूयावहिनी?" ते म्हणाले. "आणि मला वर्षभर अल्सर सांगतोस? मी काय परका लेका?"

अण्णांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून माझ्या हातात दिला.

"श्रीहरीच्या घरी मला सांगावं लागेल," रघुजीकाका हळू आवाजात म्हणाले. "उद्या माझ्यावर यायला नको."

"सांग," अण्णा म्हणाले. हे मराठीत.

माझ्या पाठीवरच्या कापडाची एक पिन सुटली होती. अण्णा मागे आले आणि ती लावू लागले. त्यांना असली कामं जमत नाहीत. पिन दोनदा निसटली, एकदा मला टोचलीही. मी हलले नाही.

"पुढे चढ आहे," ते मागूनच म्हणाले. "स्वल्प हळू जा."