मोठा थेंब

वखारीमागच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर फुंकरबाबा बसला होता आणि त्याच्या मांडीवर हॉस्पिटलातून उचलून आणलेली एक पोरगी ओंडक्यासारखी पडली होती. सकाळपासून तो तिच्या टाळूवर फुंकर घालत होता आणि मधेमधे गर्दीला सुनावत होता. "सुईनं झोपवलेलं लेकरू सुईनं उठेल का? नळी म्हणजे सापाचं पिल्लू. आधी ती काढा, मग माझ्याकडे या. आणि तीन दिवस त्या इमारतीची पायरी चढायची नाही."

लोहाराचा भाताही एव्हाना दमला असता. पण दुपार कलली आणि पोरीने डोळे उघडून पाणी मागितलं. आवारात बायका रडायला लागल्या. माझ्या ताईची नखं माझ्या मनगटात रुतली.

"बघितलंस ना? आता तरी पटलं?"

जन्मभर बुवाबाजीवर तोंडसुख घेणारा मी मूग गिळून उभा राहिलो. ताईची मुलगी, माझी एकुलती एक भाची, मेंदूज्वराने त्याच हॉस्पिटलात अशीच निपचित पडली होती. झटके थांबवायला तिला सलाइनमधून थेंबाथेंबाने झोपेचं औषध चालू होतं. झटके थांबले, पण पोर हाकेला ओ देईना.

माझ्या शेजारी एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. भाचीच्या वॉर्डात नुकतीच आलेली लहान मुलांची डॉक्टर. मुलांना हॉस्पिटलच्याच चुकीने इजा कशी होते, हे शोधून ती थांबवण्यात तिची उभी हयात गेली होती. प्रत्येक डोस दोनदा मोजायला लावते म्हणून नर्सेस तिला पाठीमागे 'पुन्हामोजा' म्हणत. बाबाने तापाने कण्हणारं एक बाळ "याचा भोग वेगळा" म्हणत परत पाठवलं, तेव्हा ती पुटपुटली, "जागं मूल घेत नाही हा. झोपलेलंच घेतो."

"म्हणजे ढोंगच ना?" मी म्हणालो.

"ढोंग आहेच. पण पोरगी खरोखर उठली. का उठली?"

कोपऱ्यात एक शिंपी आवार झाडत होता. गेल्याच आठवड्यात त्याने भाचीच्या शेजारच्या खाटेवरून, तिच्यासारखाच निपचित पडलेला आपला मुलगा इथे आणला होता. मुलगा उठला, त्याने चेंडू मागितला, लोकांनी शिंप्याला खांद्यावर घेतलं. मग झटके परतले आणि मुलगा गेला. "तुझी श्रद्धा कमी पडली," असं बाबाने सांगितलं. तेव्हापासून तो रोज येऊन झाडत असे.

वॉर्डात परतल्यावर ताई भाचीला चादरीत गुंडाळायला लागली. भावोजी गाडी घेऊन खाली उभे होते.

"ताई, वेडी झालीस का?"

"तुझी मुलगी असती तर?"

तेवढ्यात डॉक्टर आली. ती कुणावर रागावली नाही. सलाइनच्या नळीला एक पारदर्शक डबी असते, तीत थेंब पडताना दिसतो. ती डबी उजेडाकडे धरून बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. तिने स्वतःच्या हाताने झोपेच्या औषधाची नळी बंद केली.

"हिला कुठे नेऊ नका," ती ताईला म्हणाली. "ही आजाराने झोपलेली नाही. आम्हीच हिला जास्त औषध देत होतो. जंतूंवरचं औषध चालू राहील. मी इथेच बसते."

ती खरंच बसली, भाचीच्या छातीवर हात ठेवून. उजाडल्यावर भाचीने "आई" म्हटलं. फुंकर कुणीही घातली नव्हती.

हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, "नळ्या बदलू, विषय संपवू. घरचं धुणं चव्हाट्यावर कशाला?"

"मूल गेलंय," डॉक्टर म्हणाली आणि वखारीकडे निघाली. सलाइनच्या बाटल्या घेऊन मी मागोमाग.

आवारातल्या खांबाला तिने दोन बाटल्या टांगल्या, दोन वेगळ्या नळ्या जोडल्या, खाली औषधाचे दोन मापाचे पेले ठेवले आणि शिंप्याला म्हणाली, "तुम्ही मोजा." त्याने केरसुणी खाली ठेवली. दोन्हींकडचे थेंब सारखेच मोजले. एका पेल्यात तळाशी थोडं पाणी होतं, दुसऱ्यात त्याच्या तिप्पट.

"मुलांच्या नळीत सुईसारखी बारीक तोटी असते, म्हणून थेंब लहान पडतो," ती म्हणाली. "त्या नळ्या संपल्या आणि मोठ्या माणसांच्या आल्या. नर्सेसनी थेंब बरोबर मोजले. थेंब केवढा आहे, ते कुणीच बघितलं नाही. नळी काढली की औषध उतरतं आणि मूल उठतं. मग तुम्ही फुंकर घाला किंवा घालू नका."

"ऐका," बाबा गर्दीकडे वळून म्हणाला, "पाप यांचं, हेच सांगतायत."

"हो, आमचंच. पण नळी काढली तेव्हा जंतूंवरचं औषधही तुटलं," ती शिंप्याकडे बोट दाखवून म्हणाली. "यांच्या मुलाला झटके आले तेव्हा हे तुमच्या दारात आले होते ना?"

बाबाच्या आधी शिंपी बोलला. "आलो होतो. म्हणाले, तीन दिवस पुरे कर, श्रद्धा ठेव."

गर्दीतल्या एका बाईने आपलं मूल उचललं आणि हॉस्पिटलच्या दिशेने जवळजवळ पळतच गेली. काही जण मात्र बाबाजवळच बसून राहिले.

"बाई," शिंप्याने विचारलं, "म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली नव्हती?"

"नाही. तुमचं काहीच कमी पडलं नव्हतं."

"आणि मी त्याला तिथून उचललंच नसतं तर?"

"कदाचित वाचला असता. कदाचित आमच्याच हातून गेला असता. खोटं सांगणार नाही."

त्याने दोन्ही पेले उपडे केले, परत नळ्यांखाली ठेवले आणि पहिल्यापासून मोजायला बसला. त्याला थांबवायचा आम्हाला धीर झाला नाही.

पोटचं पोर डोळे उघडतं तेव्हा हात आपोआप जोडले जातात, आणि त्यासाठी मी कुणाला हसणार नाही. पण हात जोडण्याआधी एवढं विचारा, की डोळे उघडण्याआधी काय काढलं होतं? बाबाला विचारा, आणि तितक्याच धीटपणे डॉक्टरलाही विचारा. शिंप्याला हे विचारायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आता त्याच्या घरात विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.