बिबी झुवेनाच्या दारातली हाक

या बेटावर हत्ती कधी आला असेल तर तो वाटाड्यांच्या थापांतूनच. तरी रोज सकाळी शोमारी जुन्या शहरातल्या नक्षीदार दारांपुढे उभा राहून सांगायचा, की हे पितळी खिळे हत्तींनी धडक मारू नये म्हणून ठोकलेत. पाहुणे खिळ्यांवर बोटं फिरवायचे आणि शोमारीला स्वतःचीच किळस यायची.

त्या दिवशी तर त्याला तोंड उघडवेना. पहाटे बिबी झुवेना गेली होती. आईमागे त्याला तिनेच वाढवलं होतं. दुपारी जनाजा निघणार होता आणि त्याला तिला खांदा द्यायचा होता. मालक हारूबकडे त्याने रजा मागितली. हारूबने नाक मुरडलं. जहाजातून बडे पाहुणे उतरलेत, फेरी संपव आणि मग खुशाल जा, म्हणाला. वर स्वतःही बरोबर निघाला.

किल्ला झाला. मासळीबाजारात एका बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हाताने कोळ्यांचे फोटो काढले. तिथून शोमारी समुद्राकडे वळणार, तोच हारूब आडवा आला. छापील कार्यक्रमात पुढे बिबी झुवेनाचं घर होतं. चार वर्षं शोमारीच पाहुण्यांना तिथे नेत होता, आणि म्हातारी हसतमुखाने त्यांना आल्याची कॉफी पाजत होती.

"साहेब, घरात मयत आहे."

"मग तर चांगलंच. यांना खरंखुरंच बघायचं असतं."

नाही म्हणावं तर हा दुसऱ्या कोणाला तरी पुढे घालून घुसणारच. मग शोमारीला एक वाट सुचली. इथे कुणाच्याही दारात तीनदा 'होदी' म्हणून हाक द्यायची, आतून 'करीबू' आलं नाही तर गुमान परतायचं. रडारडीत कोण ओ देणार? हारूबही कबूल झाला. पाहुण्यांना ही रीत फार गोड वाटली.

पुरुष कबर खणायला गेले होते. ओटा रिकामा होता. शोमारीने दोनदा हाक दिली, तिसऱ्यांदा तर अगदी हळू.

"करीबू, शोमारी," आतून आवाज आला आणि दार उघडलं.

मयताच्या दारी आलेल्याला कोणी परतवत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यालाच आठवलं नव्हतं. हारूब त्याला ढकलून आत शिरला, मागोमाग पाहुणे, बुटांसकट. आतल्या खोलीत बायका म्हातारीला अंघोळ घालत होत्या. तिथे परक्या पुरुषाची सावलीही पडू नये. एकाने कॅमेरा उचलला. पाण्यात कापूर का घालतात, हे हारूब हलक्या आवाजात समजावू लागला.

शोमारीने त्याची गचांडी धरली. सगळ्यांना ढकलत, शिव्या देत त्याने गल्लीत काढलं. नोकरी गेली असं हारूब ओरडत होता, ते त्याला नीट ऐकूही आलं नाही.

बिबीची मुलगी आस्या दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"दुसरं कोणी असतं तर आधी पडदा ओढला असता," ती म्हणाली. "तुझा आवाज, म्हणून तसंच दार उघडलं."



दुपारी जनाजा गल्लीतून निघाला. चार पावलांवर खांदे बदलत होते, कोणीही पुढे होऊन हात लावत होतं. शोमारीला कोणी अडवलं नसतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि जनाजा त्याच्या समोरून गेला.